जुन्या लष्करी रायफली १०० मीटरवर : नेम कुणाचा खरा?

चुकलेला नेम

वर्षभर डोक्यात घोळत असलेलं काम परवा एकदाचं केलं. आम्हा चौघांकडे मिळून पाच जुन्या लष्करी रायफली आहेत आणि प्रत्येकाला आपलीच लाडकी. रेंजवर गोळीबार संपला की वाद सुरू, आणि वाद कधीच संपत नाही. शेवटी एका सकाळी पाचही जणी एका टेबलावर मांडल्या आणि म्हटलं, होऊन जाऊ दे.

अटी साध्या. अंतर १०० मीटर. पुढे-मागे वाळूच्या पिशव्या. मूळ उघड्या साइट्स, दुर्बीण नाही. प्रत्येकीला पाच गोळ्या, आणि सगळ्या मीच झाडणार, म्हणजे 'हात वेगळा होता' ही सबब उरायला नको. गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, मोजताना सगळ्यांत दूरच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घेतलं.

स्विस के-३१ (७.५×५५, जीपी-११ काडतूस) : ४८ मिमी
ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क १ (.३०३, नवी कारखान्याची काडतुसं) : ७६ मिमी
स्वीडिश माउजर एम-९६ (६.५×५५, नवी काडतुसं) : ९२ मिमी
जर्मन के-९८-के (७.९२×५७, नवी काडतुसं) : १०५ मिमी
मोसिन-नागां ९१/३० (७.६२×५४ आर, १९७०च्या दशकातली डबाबंद लष्करी काडतुसं) : १४८ मिमी

के-३१ बद्दल बोलायचं कामच नाही. बोल्ट (काडतूस आत ढकलून कुलूप लावणारा दांडा) सरळ मागे ओढायचा, सरळ पुढे ढकलायचा, चाप काच फुटल्यासारखा सुटतो. थ्री नॉट थ्रीने, म्हणजे एनफिल्डने, सुखद धक्का दिला. स्वीडिश माउजरने मात्र निराशा केली. इतकं नाव ऐकलं होतं, आणि पहिल्या तीन गोळ्या तर कागदावरच नाहीत! वीतभर वर जात होत्या. मग टार्गेटच्या खालच्या कडेखाली, नुसत्या मातीवर अंदाजाने नेम धरून पाच झाडल्या. के-९८-के चा मालक शेजारीच उभा होता. गट बघून म्हणाला, 'तुझा हात हलला असणार, ही जर्मन आहे.' मोसिन म्हणजे निव्वळ पहार. बोल्ट उघडायला तळहाताने ठोकावं लागतं.

माझा निष्कर्ष : स्विस पहिली, एनफिल्ड दुसरी, स्वीडिश फुगवलेलं नाव, मोसिन फक्त भिंतीवर लावायला. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

हातोडी

टाकतो प्रकाश, डोळे मिटू नका.

एकीला पैठणी नेसवलीत, दुसरीला गोणपाट, आणि आता विचारताय कोण देखणी! जीपी-११ हे काडतूस स्विस लोकांनी १९११ साली आणलं आणि पुढे पिढ्यानपिढ्या तेच सांभाळलं. ११.३ ग्रॅमची, शेपटाकडे निमुळती होत गेलेली गोळी, आणि प्रत्येक फैर मागच्या फैरीची जुळी बहीण. लष्करी काडतूस म्हणून निघालं, पण दर्जा स्पर्धेचा. मोसिनला तुम्ही काय घातलंत? मशीनगनच्या पोटात जाण्यासाठी लाखांनी काढलेली, पोलादी गाभ्याची हलकी गोळी. ती बनवणाऱ्याला शंभर मीटरवरच्या तुमच्या कागदाची काय पडलीय?

ही रायफलींची स्पर्धा झालीच नाही, काडतुसांची झाली.

आणि बोल्ट अडकतो तो रायफलीचा दोष नव्हे. साठवणीतल्या ग्रीसचा थर चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीत, कडक होऊन बसलेला असतो. नळी तापली की तो चिकट होतो, आणि पोलादी काडतुसाचं कवच त्यात रुतून बसतं. चेंबर नीट धुवा, बोल्ट दोन बोटांनी उघडेल. माझा उघडतो.

नवशिकी

मी या छंदात अगदी नवी आहे, तेव्हा बाळबोध प्रश्न. सगळीकडे 'दोन एमओएची रायफल', 'चार एमओएची रायफल' असं वाचते. इथे मिमी आहेत. यांचा हिशोब कसा लावायचा?

गणिती कावळा

@नवशिकी, एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो साधारण २९ मिमी भरतो, १०० यार्डांवर एक इंचाहून जरासा जास्त. २०० मीटरवर दुप्पट. त्या मापाने धागाकर्त्यांची के-३१ सुमारे १.६, एनफिल्ड २.६, एम-९६ ३.२, के-९८-के ३.६ आणि मोसिन ५.१.

पण हे आकडे दशांशासकट लिहिताना माझी चोच अडखळली, कारण पाच गोळ्यांचा एकच गट म्हणजे फारच थोडा पुरावा आहे. रायफल तीच, काडतूस तेच, नेमबाज तोच, तरी लागोपाठ काढलेले पाच गोळ्यांचे दोन गट एक ६० मिमी आणि दुसरा १०० मिमी येऊ शकतात. काहीही बिघडलेलं नसतं, नुसता योगायोग. म्हणजे तुमच्या यादीतल्या एनफिल्ड, एम-९६ आणि के-९८-के या तिघींची क्रमवारी उद्या सकाळी उलटी लागली तरी मला नवल वाटणार नाही. के-३१ आणि मोसिन यांच्यातलं अंतर मात्र खरं असावं, ते तिपटीचं आहे.

आणखी एक. गोळ्या सगळ्या दिशांना सारख्याच विखुरतात असं धरलं आणि विखुरण्याचं मूळ माप, म्हणजे प्रमाण विचलन, १ मानलं, तर तीन गोळ्यांचा गट सरासरी २.४ येतो, पाचांचा ३.१ आणि दहांचा ३.८. म्हणून कुणी तीन गोळ्यांचा गट दाखवून छाती फुगवली की मनातल्या मनात दीडपटीने गुणावं, दहा गोळ्यांचं चित्र मिळतं. जाळ्यावर जे 'माझी मोसिन एक इंचात मारते'वाले फोटो फिरतात, ते बहुतेक तीन गोळ्यांचे असतात, आणि त्या दिवसाच्या सहा गटांतला सर्वांत चांगला.

चुकलेला नेम

पटतंय, पण पोटात थोडं दुखतंय. मग काय करू, प्रत्येकीला शंभर गोळ्या झाडू?

गणिती कावळा

दहा-दहाचा एक गट पुरे, पण मोजायची पद्धत बदला. टोकाची दोनच भोकं मोजलीत तर उरलेल्या आठ गोळ्यांची माहिती वाया जाते. त्यापेक्षा सगळ्या भोकांचा मध्य काढा, प्रत्येक भोकाचं त्या मध्यापासूनचं अंतर मोजा आणि त्याची सरासरी घ्या. सरासरी त्रिज्या म्हणतात तिला. एखादी गोळी चाप हिसडल्याने भरकटली तरी ती सगळं चित्र नासवत नाही.

आणि क्रम फिरवा. पाच पहिलीने, मग पाच दुसरीने, असं करत पुन्हा पहिलीकडे या. परवा मोसिन कितवी होती?

चुकलेला नेम

शेवटची. खांदा दुखत होता तोवर.

हातोडी

वा! म्हणजे गोणपाट नेसवलंच, वर पायात काटाही.

जुनं लाकूड

उशिरा आलो, माफी असावी. गेली चाळीस वर्षं मी रायफलींच्या नळ्यांपेक्षा त्यांच्या लाकडाशी जास्त झगडलो आहे, त्यामुळे माझं बोलणं लाकडाकडेच वळणार.

आधी स्वीडिश माउजर, कारण तिच्यावर अन्याय झाला आहे. एम-९६ ची मागची साइट ३०० मीटरपासूनच सुरू होते. त्याखालची खूणच नाही. तेव्हा १०० मीटरवर ती वीतभर वर मारणार, मारलीच पाहिजे. तुम्ही मातीवर अंदाजाने नेम धरलात, म्हणजे प्रत्येक गोळीला तुमचा नेमबिंदू वेगळा होता. ९२ मिमी त्यातही काढलेत याबद्दल रायफलीचं कौतुक करा. उपाय सोपा आहे. मोठा कागद घ्या, काळं वर्तुळ अगदी खाली चिकटवा आणि त्यावर नेम धरा. गट वर कोऱ्या कागदावर पडू दे. गट मोजायचा असेल तेव्हा तो काळ्यातच पडला पाहिजे असं कुणी सांगितलं? कायमचा उपाय म्हणजे उंच माशी, म्हणजे पुढची साइट, बसवणं.

तिच्या दस्त्यावर उजव्या बाजूला पितळी चकती आहे का पाहा. लष्करी कारागिरांनी नळीचा व्यास आणि झीज तिच्यावर नोंदवलेली असते. मात्र ती नोंद त्या काळची. नंतर कुणी किती झाडल्या, किंवा दस्ता दुसऱ्याच रायफलीचा आहे का, ते चकती सांगत नाही.

मग दस्त्याचे स्क्रू. जुनं लाकूड वाळतं, आकसतं, आणि पुढचा स्क्रू आपोआप सैल होतो. बोटाने हलवून बघा. माझा अंदाज, तुमच्या एम-९६ चा अर्धा फेरा तरी फिरेल.

एनफिल्डची गोष्ट वेगळी. आधुनिक रायफलीत नळी लाकडापासून मोकळी सोडतात, म्हणून काही उत्साही मंडळी नंबर ४ च्या पुढच्या लाकडालाही कानस लावून नळी मोकळी करतात. मग गट दुप्पट झाला की काडतुसाला शिव्या घालतात. नंबर ४ ची रचनाच अशी आहे की पुढच्या लाकडाचं टोक नळीला तोंडाजवळ खालून वर रेटा देतं. नळी बारीक आहे, तिला तो आधार लागतो. जुन्या नंबर १ मार्क ३ मध्ये तर टोकाच्या टोपीत स्प्रिंग आणि खिळीची वेगळी भानगड आहे, ती एकदा बिघडली की जुळवताना देव आठवतो. लाकडाला हात लावण्याआधी आतले दाबाचे डाग बघावेत. जिथे लाकूड चकचकीत झालंय तिथे ते टेकतंय. ते दोन्ही बाजूंना सारखं असेल तर कानस परत पेटीत ठेवावी.

ग्रेनभर

जुनं लाकूड यांच्या प्रतिसादाला +१. मी घरी काडतुसं भरतो, माझं दुखणं गोळीच्या जाडीचं.

.३०३ आणि मोसिन या दोघींच्या नळ्यांचे व्यास कारखान्यागणिक, सालागणिक बदलतात. युद्धाच्या घाईत कापलेली हत्यारं झिजेपर्यंत वापरली गेली. मोसिनचे आटे (नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) तळाशी .३१० इंचही भरतात आणि .३१४ सुद्धा. आता .३१० ची गोळी .३१४ च्या नळीत म्हणजे मोठ्या भावाच्या सदऱ्यात धाकटा. आट्यांची पकड नीट बसत नाही, मागून वायू पुढे निसटतो, गोळी डुगडुगत निघते.

नळी मोजायची पद्धत : मऊ शिशाची, जराशी जाड गोळी तेल लावून तोंडाकडून लाकडी हातोडीने नळीत बसवायची आणि जाड काडीने हळूहळू पार ढकलायची. ती आट्यांचा ठसा घेऊन बाहेर येते. मग मायक्रोमीटर. मोसिनला चार आटे, समोरासमोर, माप सोपं. एनफिल्डला बहुधा पाच, म्हणजे आट्यासमोर आटा येतच नाही आणि साधा मायक्रोमीटर खोटं बोलतो. युद्धकाळात दोन आट्यांच्या नळ्याही आल्या, त्या मोजायला मात्र सोप्या. आणि दोनच आटे बघून नाक मुरडू नये, माझ्याकडची तशी नळी उत्तम मारते.

तुमची मोसिन मोजून सांगा. .३०३ साठी .३१२ ची १७४ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) गोळी मिळते, तीच मोसिनच्या काडतुसात भरून बघू.

नवशिकी

मोसिन संगीन लावून मारायची असते असं कुठेतरी वाचलं. खरंच?

हातोडी

खरंच. सोव्हिएत सैन्यात ९१/३० ला संगीन लावलेली असणं हेच गृहीत होतं आणि साइट जुळवायची तीही संगिनीसकट. संगीन काढली की नळीच्या टोकाचं वजन गेलं, नळीचा हेलकावा बदलला, गोळी दुसरीकडे. पण नीट ऐका : गोळ्या *कुठे* पडतात ते बदलतं, गट *किती मोठा* येतो ते बदलेलच असं नाही. ही गल्लत शंभरातले नव्वद करतात. नेमाची जागा माशी डावी-उजवी ठोकून जुळवता येते. गट ठोकून लहान होत नाही.

फिन्‍लंडकडे बघा ना. त्यांनी रिसीव्हर, म्हणजे नळी आणि बोल्ट बसतात तो सांगाडा, रशियनच घेतले, स्वतः घडवायच्या फंदात पडले नाहीत. त्यावर चांगल्या नळ्या चढवल्या, साइट सुधारल्या, लाकडात रिसीव्हर टेकतो तिथे पातळ पत्रे घालून बैठक पक्की केली. एम-२८/३० आणि एम-३९ त्यातूनच आल्या, आणि त्या नेमबाजीत कुठल्याही लष्करी बोल्ट रायफलीच्या मांडीला मांडी लावून बसतात. त्यांच्या नामांकित नेमबाज सिमो ह्याह्याने सोव्हिएत सैन्याविरुद्धच्या हिवाळी युद्धात वापरली ती एम-२८/३०च, तीही उघड्या साइटवर. पहार म्हणे!

चुकलेला नेम

पहार शब्द मागे. तूर्तास.

जुनं लाकूड

अजून एक भागीदार राहिलाय, त्याला कुणी तपासलं नाही. धागाकर्त्याचा डोळा.

नंबर ४ ला मागे डोळ्याजवळ छिद्राची साइट आहे. के-९८-के ला नळीच्या मध्यावर व्ही आकाराची खाच आणि पुढे उलट्या व्ही सारखी टोकदार माशी. चाळिशी उलटली की खाच, माशी आणि टार्गेट या तिन्ही गोष्टी एकदम स्पष्ट दिसणं विसरायचं. छिद्रातून बघताना खाचेचा प्रश्नच मिटतो. छिद्र धूसर राहिलं तरी डोळा आपोआप मध्य शोधतो, आणि बारीक छिद्रामुळे माशी आणि टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसतात. शिवाय मागची साइट रिसीव्हरवर गेल्यामुळे दोन साइटमधलं अंतर वाढतं, चूक तितकी कमी होते. एनफिल्डने जर्मनला मागे टाकलं त्यात या छिद्राचा वाटा किती आणि नळीचा किती, ते तुमच्या पाच गोळ्या सांगणार नाहीत.

टोकदार माशीची आणखी एक खोड आहे. उजेड कमी-जास्त झाला की टोक बुटकं किंवा उंच भासतं आणि गट उभा ताणला जातो. तुमचा के-९८-के चा गट उभा होता की आडवा?

चुकलेला नेम

टार्गेट काढून बघितलं. उभा पण आहे, आडवा पण आहे. सगळीकडेच आहे.

जुनं लाकूड

मग डोळ्याला दोष देऊ नका. ते वेगळं प्रकरण आहे, त्यावर नंतर येतो.

तोवर एक काम करा. काळ्या वर्तुळाची रुंदी माशीएवढी दिसेल अशी ठेवा आणि वर्तुळ माशीच्या डोक्यावर बसवा, घड्याळात सहा वाजतात तिथे. हिशोब सांगतो. माशी २ मिमी रुंद आणि डोळ्यापासून ७० सेंमीवर असेल तर १०० मीटरवर ती २८ सेंमीहून जास्त जागा झाकते. म्हणजे दहा सेंमीच्या वर्तुळाच्या मधोमध नेम धरतो म्हणणारा प्रत्यक्षात वर्तुळ बघतच नसतो, माशीमागे ते कुठेतरी आहे अशा श्रद्धेवर मारत असतो.

ग्रेनभर

एनफिल्डबद्दल एक गमतीची गोष्ट, शंभर मीटरवाल्यांना सहसा दिसत नाही ती. तिच्या बोल्टचे कुलपाचे दात मागे आहेत, माउजरसारखे चेंबरच्या तोंडाशी नाहीत. फैर झाली की सगळा रेटा मागे बसतो, बॉडी क्षणभर ताणली-वाकली जाते आणि नळीचं तोंड वर-खाली हेलकावतं. हळू गोळी जराशी उशिरा बाहेर पडते, तेव्हा तोंड वर उचललेलं असतं. वेगवान गोळी आधी सुटते, तोंड अजून खाली असताना. जवळच्या टार्गेटवर यामुळे गट उभा पसरतो. पण शेकडो यार्ड पुढे गेल्यावर हळू गोळी जास्त खाली येते, आणि ती मुळात वरच्या दिशेने निघालेली असल्यामुळे दोघी एकाच उंचीवर भेटतात! म्हणून ज्या एनफिल्डला शंभरावर माउजरने हरवलं तीच लांब पल्ल्यावर हिशोब चुकता करते.

मागच्या कुलपाचा तोटा मात्र माझ्यासारख्याच्या माथी. शिवाय लष्करी .३०३ चे चेंबर मुद्दाम सैल कापलेले, चिखलातलं काडतूसही आत गेलं पाहिजे म्हणून. पितळ प्रत्येक वेळी ताणतं. चार-पाच वेळा पुन्हा भरलं की बुडाशी चकाकणारी रेघ दिसते, ती दिसली की काडतूस फेकायचं, नाहीतर पुढच्या वेळी बूड वेगळं आणि नळकांडं वेगळं.

नवशिकी

हे वाचून घाबरले. जुनी रायफल हाती आली तर पहिल्यांदा काय तपासायचं?

हातोडी

घाबरणं चांगलं. हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद असताना काडतुसाला मागे किती मोकळीक उरते ते. त्याचे गेज असतात, नसतील तर कारागिराकडून तपासून घ्या. नंबर ४ ला बोल्टचं डोकं ० ते ३ अशा चार मापांत येतं, ते बदलून जुळवता येतं. नळीत काही अडकलेलं नाही ना ते बघा. जुनं काडतूस घालून चाप ओढल्यावर आवाज झाला नाही तर तोंड टार्गेटकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा. जुनी दारू कधीकधी विचार करून पेटते.

आणि अमेरिकन स्प्रिंगफिल्ड १९०३ कुणी दिली तर आधी नंबर वाचा. स्प्रिंगफिल्ड कारखान्याची ८,००,००० च्या खालच्या नंबरची असेल तर भिंतीवर लावा. त्या काळी पोलादाला आच देताना अंदाज डोळ्याने घ्यायचे, काही रिसीव्हर जळके निघाले आणि फुटले.

नवशिकी

आणि जुनी लष्करी काडतुसं मारल्यावर नळी गंजते म्हणतात ते?

ग्रेनभर

काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणारी टोपी असते, त्या जुन्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असतं. जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि रात्रीत लाल गंज. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून त्याच दिवशी आधी गरम पाणी, मग कोरडं, मग तेल. बोल्टचं तोंडही विसरू नका. 'मी तेल लावलं होतं' म्हणणाऱ्यांच्या नळ्या मी पुष्कळ बघितल्यात.

नवशिकी

अवांतर : ईशापूरच्या कारखान्याची २ए१ रायफल पण या यादीत बसली असती ना? दिसायला तर थ्री नॉट थ्रीच.

हातोडी

दिसायला. घडण नंबर १ मार्क ३ ची, पण काडतूस ७.६२ नाटो, मॅगझिन बारा गोळ्यांचं, काळ १९६० च्या दशकाचा. वाढीव दाबासाठी पोलाद बदललेलं आहे. म्हणून साध्या .३०३ ची नळी बदलून 'झाली २ए१' असं कुणी म्हणालं तर चार पावलं मागे सरका. कुणाकडे असेल तर गट टाकाच.

चुकलेला नेम

तीन आठवड्यांनी परत आलोय. सगळं केलं, सांगितलं तसंच.

आधी कबुलीजबाब. एम-९६ चा पुढचा स्क्रू पाऊण फेरा फिरला. जुनं लाकूड, तुमचा अंदाज अर्ध्याचा होता. मोसिनचं चेंबर धुतलं, ब्रशला लागून काय निघालं ते वर्णन करण्यासारखं नाही. बोल्ट आता उघडतो. दोन बोटांनी नाही, पण चार बोटांनी. तिची नळी मोजली, .३१३ इंच. ग्रेनभर यांनी सांगितलेली .३१२ ची गोळी ओळखीतल्या एकाने भरून दिली.

१०० मीटर, दहा-दहा गोळ्या, पाच-पाचच्या दोन फेऱ्यांत, क्रम फिरवून. आधी सगळा गट, मग सरासरी त्रिज्या :

के-३१ : ६१ मिमी, १९ मिमी
एम-९६ : ६६ मिमी, २१ मिमी
नंबर ४ : ८४ मिमी, २६ मिमी
मोसिन, .३१२ च्या गोळीसह : ९६ मिमी, २९ मिमी
के-९८-के : ११८ मिमी, ३७ मिमी
मोसिन, जुन्या डब्यातली काडतुसं : १८१ मिमी, ५५ मिमी

शेवटची ओळ मुद्दाम ठेवलीय. तीच रायफल, तोच दिवस, तोच खांदा. नुसत्या काडतुसाने गट जवळपास अर्ध्यावर आला.

गणिती कावळा

आता बोलण्यासारखं काहीतरी आहे. के-३१ आणि एम-९६ यांच्यात या आकड्यांवरून पहिला-दुसरा लावू नका, त्या बरोबरीत आहेत. नंबर ४ आणि नव्या काडतुसांची मोसिन यांच्यातही फरक आहे असं मी शपथेवर सांगणार नाही. मोसिनच्या दोन ओळींमधला फरक मात्र डोळे झाकून मान्य.

हातोडी

पाचवीवरून चौथी. आणि मागे कोण राहिलं? जर्मन. मी काहीच बोलत नाही.

जुनं लाकूड

मी बोलतो, त्या दिवशी अर्धवट राहिलं होतं. के-९८-के वर आकडे जुळतात का? बोल्टवर एक, रिसीव्हरवर दुसरा?

चुकलेला नेम

बोल्टवरचा मूळ आकडा खोडून विजेच्या लेखणीने नवा कोरलाय. दस्त्यावरचा तिसराच.

जुनं लाकूड

म्हणजे रशियनांनी पकडलेली, सुट्या भागांच्या ढिगातून पुन्हा जुळवलेली. त्यात कमीपणा काही नाही, पण नळी कुणी किती वर्षं कशी साफ केली ते कोण जाणे. पोलादी काडी तोंडाकडून घालून घासत राहिलं की आट्यांचं शेवटचं टोक झिजतं, आणि गोळीला शेवटचा स्पर्श तिथेच होतो. आत आटे कितीही सुबक दिसोत, ती निघतानाच धक्का खाऊन निघते. पूर्व युरोपातल्या लष्करी कारखान्यांत अशा मोसिनांचं तोंड आतून थोडं रुंद करून घ्यायचे, म्हणजे गोळी सुटते ती आतल्या चांगल्या आट्यांवरून. दिसायला विचित्र, पण काम चोख.

तपासणी अशी. ७.९२ चं रिकामं काडतूस घ्या. दारू नाही, टोपी नाही, नुसती गोळी बसवलेली. गोळीचं टोक नळीच्या तोंडात उलटं घाला. गोळीचा भाग काडतुसाच्या काठाच्या बराच आधी अडला पाहिजे. किती आत जातं ते सांगा.

चुकलेला नेम

आत्ताच केलं. गोळी पूर्ण आत गेली, काडतुसाचा काठ थेट नळीच्या तोंडाला टेकला. वर डुगडुगतेही.

मालक उद्या येतोय. त्याला अजून सांगितलेलं नाही.